पाण्याचे वाटेकरी आणि त्यांचे जुने पाट

आपल्यापैकीं पुष्कळजण पाटाखालचे शेतकरी असतील. पाटाच्या पाण्याची वाट पाहणें म्हणजे काय, हें त्यांना मीं सांगावयास नको. पाळी आपली असते, रात्रीचा प्रहर असतो, फावडें घेऊन आपण चारीच्या तोंडाशीं उभे असतों, आणि पाणी येत नाहीं. आलें तरी बोटभर येतें. मग वरच्या शेतकऱ्यानें फोडलें कीं काय, पाटकऱ्यानें दार लावलें कीं काय, असे नाना संशय मनांत येऊं लागतात. परंतु पुष्कळदां खरा चोर निराळाच असतो. तो पाटाच्या तळाशीं व दोन्ही कांठांत बसलेला असतो. वाटेंतील मातीनें प्यालेलें पाणी, उंदराखेकड्यांच्या बिळांतून निसटलेलें पाणी, गाळानें व गवतानें अडवून धरलेलें पाणी, हें कोणाच्याच नांवावर मांडलेलें नसतें. पाट जसजसा जुना होतो, तसतसा हा चोर बळावतो.

असे जुने पाट बदलावे कसे, त्यांचा खर्च कोणीं सोसावा, आणि बदलल्यावर वांचलेलें पाणी कोणाचें, या प्रश्नांविषयीं मी आज बोलणार आहें. उदाहरण मात्र दूरचें घेतलें आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागांत शेतकऱ्यांनीं स्वतःच उभारलेल्या आणि स्वतःच चालविलेल्या पाट-मंडळ्या आहेत. त्यांतील कित्येकांचे पाट शंभर ते दीडशें वर्षांचे झाले आहेत. तेथील शेतकऱ्यांपुढें आज जो प्रश्न आहे, तो आपल्या ओळखीचा आहे असें ऐकतां ऐकतांच आपल्या ध्यानांत येईल.

प्रथम तो मुलूख कसा आहे तें पाहूं. रॉकी पर्वताच्या दोन्ही अंगांस युटा, कोलोरॅडो, वायोमिंग, न्यू मेक्सिको हीं संस्थानें पसरलीं आहेत. तेथील खोऱ्यांत वर्षाकाठीं आठ-दहापासून पंधरा-सोळा इंचांपर्यंतच पाऊस पडतो. एवढ्यावर मका किंवा बीट पिकावयाचें नाहीं. परंतु डोंगरांवर हिवाळ्यांत बर्फ सांचतें आणि वसंतांत तें वितळूं लागलें म्हणजे ओढे-नद्या दुथडी भरून येतात. डोंगरावरचें बर्फ हेंच त्या लोकांचें पहिलें धरण होय. तें पाणी ओढ्यांतून वळवून, डोंगराच्या कडेकडेनें आणून, खालच्या सपाट जमिनीस द्यावयाचें, हा तेथील शेतीचा पाया आहे.

१८४७ सालच्या जुलै महिन्यांत मॉर्मन पंथाचे लोक सॉल्ट लेकच्या खोऱ्यांत येऊन पोहोंचले, आणि पोहोंचतांच त्यांनीं एक ओढा वळवून कोरड्या जमिनीवर सोडला; कारण नांगर चालेल इतकी ती जमीन मऊ नव्हती. आजच्या कोलोरॅडोच्या दक्षिणेस स्पॅनिश भाषा बोलणाऱ्या वसाहतवाल्यांनीं १८५२ सालीं एक पाट खणला. ‘लोकांचा पाट’ असेंच त्याचें नांव आहे. तो अजून वाहतो, आणि त्या संस्थानांत अखंड चालत आलेला सर्वांत जुना जलहक्क त्याचाच मानला जातो. हे लोक आपल्या पाटाला ‘असेकिया’ म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी. अरबांबरोबर तो स्पेनमध्यें गेला आणि स्पेनमधून महासागर ओलांडून अमेरिकेंत आला. शब्दाबरोबर पाणी वाटून घेण्याची रीतहि गेली, हें सांगावयास नकोच.

अशा पाटाला पुढें मंडळीचें, म्हणजे कंपनीचें रूप आलें. ही कंपनी नफा वांटणारी नव्हे. पाट खणण्यास ज्यानें जितके श्रम, बैल किंवा पैसा पुरविला, त्या मानानें त्याला तिचे भाग मिळाले. एक भाग म्हणजे पाटांत येणाऱ्या पाण्याचा एक ठराविक अंश. कंपनीचे हजार भाग असतील आणि तुमच्याजवळ दहा असतील, तर पाण्याचा शंभरावा हिस्सा तुमचा. नदीस पाणी पुष्कळ असलें तर हिस्सा मोठा होतो, आणि दुष्काळाच्या वर्षीं सर्वांचा सारख्या प्रमाणांत लहान होतो. दरवर्षीं भागधारकांची सभा भरते, ती संचालक निवडते, आणि दर भागामागें किती पट्टी बसवावयाची तें ठरविते. पट्टीच्या पैशांतून पाट साफ होतो, दारें दुरुस्त होतात आणि पाटकऱ्याचा पगार भागतो. त्यांचा पाटकरी पूर्वीं घोड्यावरून हिंडे, आतां मोटारींतून हिंडतो. परंतु काम तेंच. दारें उघडावयाचीं, पाळी सांभाळावयाची आणि दोन शेजाऱ्यांचें भांडण चिघळूं द्यावयाचें नाहीं.

मंडळीच्या आंत वाटणी अशी सारखी असली, तरी मंडळी-मंडळींमध्यें मात्र नियम कडक आहे. ज्यानें नदीचें पाणी आधीं वापरांत आणलें त्याचा हक्क आधीं. १८७४ सालच्या टंचाईंत कोलोरॅडोमध्यें फोर्ट कॉलिन्स आणि ग्रीली या दोन वसाहतींत पाण्यावरून मोठा तंटा झाला. ग्रीलीचे पाट जुने, परंतु फोर्ट कॉलिन्स नदीच्या वरच्या अंगास. त्यामुळें नवे लोक आधीं पाणी घेत आणि जुने कोरडे राहत. १८७६ च्या त्या संस्थानाच्या घटनेंत अग्रक्रमाचें तत्त्व नमूद झालें, आणि १८८२ सालीं लेफ्ट हँड नांवाच्या पाट-मंडळीच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें तें पक्कें केलें. म्हणून त्या भागांत जुन्या पाटाचा हक्क ही मोठी मोलाची वस्तु आहे. हक्क जितका जुना तितका बळकट. पाट मात्र जितका जुना तितका दुबळा. या दोहोंच्या विसंगतींतच आजच्या प्रश्नाचें मूळ आहे.

हें ऐकून खानदेशांतील श्रोत्यांस आपल्या फडांची आठवण झाली असेल. पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर कित्येक शतकांपूर्वीं बंधारे घातले गेले. बंधाऱ्यांतून कालवा, कालव्यांतून चारी, चारींतून सारंग असें पाणी शेतापर्यंत जाई. गांवची जमीन फडांत वांटलेली असे. कोणत्या फडांत कोणतें पीक घ्यावयाचें हें गांव ठरवी, आणि पाणी कमी असलें तर कमी फड भिजवीत. पंच, हवालदार, जागले आणि पाटकरी ही सर्व व्यवस्था गांवचीच. अमेरिकेंतील भागधारक कागदी दाखला बाळगतो आणि फडांतील शेतकऱ्याचा हक्क जमिनीबरोबर चालतो, एवढा भेद आहे. परंतु टंचाई आली तर ती सर्वांनीं वांटून घ्यावी, हें तत्त्व दोहोंकडे एकच आहे.

आतां पाट जुना होतो म्हणजे काय होतें? मातीचा पाट प्रथमपासूनच पाझरतो. पुढें पाणउंदीर आणि गोफर नांवाचे बिळें करणारे प्राणी कांठ पोखरतात. विलो व कॉटनवुड या झाडांचीं मुळें पाण्याच्या ओढीनें कांठांत शिरतात. झाड मेलें म्हणजे मूळ कुजतें आणि त्याच्या जागीं आयती नळी तयार होते. लाकडी पन्हळी सडतात, लोखंडी दारें गंजतात. कांहीं पाटांना विसाव्या शतकांत काँक्रीटचें अस्तर लावलें गेलें, तेंहि हिंवाळ्यांतील गोठण्या-वितळण्यानें तडकतें. फटींत शिरलेलें पाणी गोठून फुगतें आणि फट रुंद करतें. हें सर्व सावकाश चालतें. दरवर्षीं थोडी डागडुजी करून वेळ निभते, आणि वेळ निभते म्हणूनच मूळ दुखण्याकडे दुर्लक्ष होतें.

पाण्याचा तोटा किती मोठा असूं शकतो, हें एका काल्पनिक हिशेबानें पाहूं. पाटाच्या तोंडाशीं वीस क्यूसेक, म्हणजे सेकंदास वीस घनफूट पाणी घेतलें आणि शेवटास चौदा पोहोंचलें, तर सहा क्यूसेक वाटेंत गेलें. एक क्यूसेकचा प्रवाह चोवीस तास चालला तर सुमारें दोन एकर-फूट पाणी होतें. एक एकर-फूट म्हणजे एक एकरावर एक फूट उंच उभें राहील इतकें पाणी. तेव्हां सहा क्यूसेकच्या गळतीनें एका दिवसांत सुमारें बारा एकर-फूट पाणी गेलें. तीन इंचांची एक पाळी धरली, तर तेवढ्यांत अठ्ठेचाळीस एकर भिजले असते. पाट तीन-चार महिने चालतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या गळतीचें मोल समजतें.

परंतु पाण्याचा तोटा हें जुन्या पाटाचें एकच दुखणें नव्हे. युटा संस्थानांत लोगन नांवाचें शहर आहे. १८५९ सालीं तेथें वसाहत झाली आणि लोकांनीं लोगन नदीचें पाणी टेकडीच्या उतारावरून पाट काढून शेतांकडे नेलें. त्या काळीं पाटाच्या खालीं वस्ती तुरळक होती. पुढें शहर वाढलें, आणि उताराच्या पायथ्याशीं घरें उभीं राहिलीं. तो उतार ओलसर व घसरणारा होता. पूर्वींहि तेथें दरडी सुटल्या होत्या. ११ जुलै २००९ या दिवशीं, पाट भरून वाहत असतांना, दरड सुटली, पाट फुटला, आणि चिखल व पाणी यांचा लोंढा खालच्या एका घरावर कोसळला. त्या घरांतील आई आणि तिचीं दोन मुलें मरण पावलीं.

या घटनेनें पाट-मंडळ्यांचा प्रश्न केवळ शेतकऱ्यांचा राहिला नाहीं. शेतांसाठीं खणलेला पाट आतां लोकांच्या माजघरांवरून वाहत आहे, हें सर्वांच्या ध्यानांत आलें. पुढल्याच वर्षीं, म्हणजे २०१० सालीं, युटाच्या विधिमंडळानें पाटांच्या सुरक्षेविषयीं कायदा केला. पाटाचे धोक्याचे भाग कोणते, त्यांची देखरेख कशी करावयाची, याची लेखी योजना मंडळ्यांनीं तयार करावी असा त्याचा रोख आहे. लोगनमध्येंहि जुना फुटका पाट होता तसा पुन्हा बांधला नाहीं. त्याच टेकडीवर वरच्या बाजूनें दुसऱ्या मंडळीचा पाट जात होता. दोन्ही पाटांचें पाणी एकत्र करून तें काँक्रीटच्या बंद मोरींतून नेलें, आणि धोक्याचा उतार टाळून पुढें खालच्या पाटाच्या वाटेकऱ्यांचें पाणी नळांतून त्यांच्याकडे उतरविलें. दोन मंडळ्यांनीं एक वाट वापरावयाची, हें कागदावर सोपें दिसतें. परंतु दीडशें वर्षें ज्यांनीं आपापलीं दारें निराळीं राखलीं, त्यांना तें मान्य करण्यासाठीं किती सभा घालाव्या लागल्या असतील याची कल्पना सहकारी संस्था चालविणाऱ्यांस येईल.

दुसरें उदाहरण वायोमिंग व नेब्रास्का यांच्या सरहद्दीवरचें आहे. येथील कालवा सरकारनें बांधलेला असून शेतकऱ्यांचीं सिंचन-मंडळें तो चालवितात. वाटेंत त्याचा एक बोगदा आहे. तो १९१७ च्या सुमारास बांधलेला. १७ जुलै २०१९ रोजीं तो आंतून ढांसळला, पाणी तुंबलें आणि वरच्या अंगास कालव्याचा कांठ फुटला. दोन संस्थानांतील एक लक्ष एकरांहून अधिक जमिनीचें पाणी ऐन मक्याच्या व बिटाच्या हंगामांत बंद झालें. तात्पुरती दुरुस्ती होऊन पाणी सुरू होईपर्यंत सुमारें सहा आठवडे गेले. एका जुन्या बोगद्यानें एका दिवसांत एवढा अनर्थ केला.

तेव्हां उपाय कोणते? स्थूल मानानें तीन. पहिला, मातीचाच पाट राखून त्याचे दुबळे भाग पक्के करणें. दुसरा, पाटाला काँक्रीटचें किंवा न झिरपणाऱ्या पातळ पडद्याचें अस्तर लावणें. पडदा खालीं आणि काँक्रीटचा थर वर असेंहि करतात, म्हणजे पडदा फाटत नाहीं आणि काँक्रीट तडकलें तरी पाणी गळत नाहीं. तिसरा, पाट सोडून पाणी जमिनीखालच्या नळांतून नेणें. हल्लीं तिसऱ्याकडे ओढा अधिक आहे. नळांतून पाझर नाहीं, बाष्पीभवन नाहीं, तण नाहीं, मूल बुडण्याची भीति नाहीं. शिवाय उताराचा दाब फुकट मिळतो. उघड्या पाटांत पाणी शंभर फूट खालीं उतरलें तर तो जोर दगडांवर आपटून वायां जातो; बंद नळांत तोच जोर चौरस इंचास सुमारें त्रेचाळीस पौंडांचा दाब होऊन साठतो, आणि पंप न लावतां तुषार-सिंचन चालतें. ऑरेगॉन संस्थानांत थ्री सिस्टर्स नांवाच्या सिंचन-मंडळानें आपले पाट अशा नळांत घातले. शेतकऱ्यांच्या पंपांचा खर्च वांचला, दाबावर वीजहि निर्माण करतां आली, आणि वांचलेल्या पाण्याचा भाग ओढ्यांत माशांसाठीं वाहता ठेवला गेला.

नळ घालण्यापूर्वीं शहाणी मंडळी एक काम आधीं करते. ती मोजते. पाटाच्या तोंडाशीं, मध्यें ठिकठिकाणीं आणि शेवटीं मोजणीची पन्हळ बसवून कोणत्या टप्प्यांत किती पाणी जातें हें पाहते. फोर्ट कॉलिन्स येथील राल्फ पार्शल या इंजिनीयरनें १९२० च्या दशकांत अशी एक पन्हळ सिद्ध केली. तिचा गळा मध्येंच अरुंद केलेला असतो, आणि एका ठिकाणची पाण्याची उंची वाचली कीं प्रवाह किती हें कोष्टकावरून कळतें. आज ती जगभर ‘पार्शल पन्हळ’ या नांवानें चालते. अशी मोजणी केली म्हणजे बहुधा असें आढळतें कीं गळती सर्व पाटभर सारखी नसते. वाळूच्या किंवा मुरमाच्या एखाद्या पट्ट्यांतच तिचा मोठा भाग असतो. मग पैसा थोडा असला तरी तो कोठें घालावा हें समजतें. सर्व पाट एकदम बदलण्याचा हट्ट धरून कांहींच न करणाऱ्यापेक्षां, सर्वांत वाईट अर्धा मैल यंदा बदलणारा शेतकरी पुढें जातो.

नळाचे तोटेहि सांगितले पाहिजेत. उघड्या पाटांत थोडें अधिक पाणी मावून घेतां येतें, नळाची मर्यादा पक्की असते. व्यास लहान घेतला तर पुढें पस्तावावें लागतें. तोंडाशीं कचऱ्याची जाळी व गाळ बसण्याचें कुंड चांगलें नसेल तर नळ तुंबतो. अडकलेली हवा बाहेर पडण्यास झडपा लागतात. दार एकदम बंद केलें तर वाहत्या पाण्याचा धक्का नळास बसतो, म्हणून दारें सावकाश फिरवावीं लागतात. शहरांतून जाणारा उघडा पाट पावसाचें पाणीहि वाहून नेत असे. तो बुजविल्यावर तें पाणी कोठें जाईल याचा विचार कोणीतरी केला पाहिजे. आणि हें सर्व काम शरद ऋतूंत पाणी बंद झाल्यापासून वसंतांत सुरू होईपर्यंतच्या थंड महिन्यांत, गोठलेल्या जमिनींत उरकावें लागतें. कारण पीक थांबत नाहीं.

आतां पैशाकडे वळूं, कारण सभेंत खरी गरमी येथेंच होते. समजा, एका मंडळीचे हजार भाग आहेत आणि नळास वीस लक्ष डॉलर लागणार आहेत. म्हणजे दर भागामागें दोन हजार डॉलर. एवढी रक्कम एकदम कोणी देणार नाहीं. परंतु शेंकडा दोन व्याजानें तीस वर्षांच्या मुदतीचें कर्ज मिळालें, तर दर भागास वर्षाला सुमारें नव्वद डॉलर पडतात. कोलोरॅडोमध्यें संस्थानाचें जल-संरक्षण मंडळ, युटामध्यें जलसंपत्ति मंडळ अशीं दीर्घ मुदतीचीं स्वस्त कर्जें देतात. मध्यवर्ती सरकारचीं शेतकी व जलखात्यांचीं अनुदानेंहि आहेत. तथापि अनुदान मिळालें तरी उरलेला वांटा भागधारकांवरच येतो. ज्याचे पन्नास भाग आहेत, त्याला त्या हिशेबानें वर्षास साडेचार हजार डॉलर जास्त पट्टी भरावी लागते. त्यांतून तो जर साठीच्या पुढें गेलेला असेल आणि मुलें शेती करणार नसतील, तर तीस वर्षांच्या कर्जाला हात वर करतांना त्याचा हात जड होतो. याउलट पट्टी वाढवावयास नको, नको म्हणून जी मंडळी वर्षानुवर्षें दुरुस्ती पुढें ढकलते, तिच्यावर एखाद्या जुलै महिन्यांत सर्व खर्च एकदमच कोसळतो.

पैशाखेरीज आणखी तीन तंटे आहेत. पहिला, वरच्या व खालच्या वाटेकऱ्यांचा. पाटाच्या तोंडाजवळच्या शेतकऱ्यास पाणी आजहि पुरेसें मिळतें. गळतीचा चटका बसतो तो शेवटच्यास. मग वरच्यानें सारखी पट्टी कां भरावी? याला जुन्या मंडळ्यांचें उत्तर असें कीं, हक्क पाटाचा आहे, पाटाच्या एखाद्या टोकाचा नव्हे. शेवटचा वाटेकरी कोरडा पडून भाग विकून निघून गेला, तर पट्टी भरणारे कमी होतील आणि तो बोजा वरच्यांवरच येईल.

दुसरा तंटा पाझरावर जगणाऱ्यांचा. पाटांतून जें पाणी मुरतें, तें सर्वच नाहींसें होत नाहीं. त्यानें शेजारच्या विहिरींस पाझर फुटतो, कांठचीं झाडें वाढतात, कोठें पाणथळ तयार होऊन पक्षी येतात. पाट बंद झाला म्हणजे हें सर्व आटतें. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकास ‘ऑल-अमेरिकन’ नांवाचा मोठा कालवा आहे. त्याच्या सुमारें तेवीस मैलांच्या भागास शेजारीं नवा काँक्रीटचा कालवा बांधण्याचें काम २००९ सालीं पुरें झालें. त्यानें पुष्कळ पाणी वांचलें. परंतु सरहद्दीपलीकडे मेक्सिकोंतील मेहिकालीच्या खोऱ्यांत जे शेतकरी त्याच पाझराच्या विहिरींवर शेती करीत होते, त्यांनीं याविरुद्ध मोठी हरकत घेतली. एकाची गळती ती दुसऱ्याची विहीर असते, हें कोणत्याहि नळाच्या नकाशावर आधींच लिहून ठेवावें.

मात्र याला दुसरीहि बाजू आहे. कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यांत कांहीं ठिकाणीं, विशेषतः ग्रँड व्हॅलीमध्यें, जमिनीखालीं प्राचीन समुद्राच्या गाळाचा खारा खडक आहे. पाटाचा पाझर त्यांतून जातांना मीठ विरघळवून नदींत नेतो, आणि खालच्या प्रदेशांतील शेतें त्यानें बिघडतात. म्हणून १९७४ सालीं अमेरिकन सरकारनें नदीचा खारेपणा कमी करण्यासाठीं कायदा केला, आणि पाटांना अस्तर लावण्यास किंवा नळ घालण्यास त्या खात्यांतून मदत मिळूं लागली. नीरेच्या कालव्याखालीं ज्यांनीं पाणी साचून पांढऱ्या झालेल्या जमिनी पाहिल्या आहेत, त्यांना पाझर सर्वत्र उपकारकच असतो असें वाटणार नाहीं. तेव्हां पाट बंद करणें चांगलें कीं वाईट, हें त्या जागीं पाय लावून पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं.

तिसरा तंटा वांचलेल्या पाण्याचा. आम्हीं पैसा खर्चून गळती थांबविली, तेव्हां तें पाणी आमचेंच, तें नव्या जमिनीस देऊं किंवा शहरास विकूं, असें मंडळीस वाटणें स्वाभाविक आहे. परंतु नदीच्या खालच्या अंगास जो आहे, त्याला हेंच पाझरलेलें पाणी परत नदींत येऊन मिळत होतें. म्हणून पश्चिमेकडील कायदे याबाबत सावध आहेत. पूर्वींपेक्षां अधिक पाणी पिकांत खर्च करण्याची मोकळीक नळ घातल्यानें आपोआप मिळत नाहीं. ज्या मंडळीनें हा प्रश्न आधीं वकिलास विचारला नाहीं, तिला नळाच्या खर्चाबरोबर खटल्याचाहि खर्च सोसावा लागतो.

आपल्याकडेहि हे प्रश्न दारांत येऊन उभे आहेत. नाशिक जिल्ह्यांत वाघाड धरणाखालीं १९९० नंतरच्या काळांत शेतकऱ्यांनीं पाणीवापर संस्था स्थापिल्या आणि पुढें सर्व लाभक्षेत्राचा कारभार आपल्या हातीं घेतला. २००५ सालीं महाराष्ट्रांत अशा संस्थांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. पाणी मोजून संस्थेस द्यावें आणि संस्थेनें तें सभासदांस वांटावें, असें त्याचें धोरण आहे. अलीकडे नव्या प्रकल्पांत उघड्या चाऱ्यांऐवजीं बंद नळांतून पाणी देण्याकडेहि कल आहे. परंतु संस्थेच्या ताब्यांत चारी देतांना ती कोणत्या स्थितींत आहे, तिच्या दुरुस्तीसाठीं पट्टींतून किती रक्कम बाजूस ठेवावी, आणि ती वीस वर्षांनीं बदलण्याची वेळ आली तर पैसा कोठून येईल, हे प्रश्न पहिल्याच सभेंत विचारले पाहिजेत. ते तेथील मंडळ्यांनीं शंभर वर्षें विचारले नाहींत, आणि आज त्याचें व्याज त्या भरीत आहेत.

खानदेशांतील फडांत प्रत्येक हंगामापूर्वीं सर्व वाटेकरी फावडें घेऊन कालव्यावर जात आणि गाळ काढीत. ज्यानें माणूस पाठविला नाहीं, त्याला त्याची भरपाई द्यावी लागे. न्यू मेक्सिकोंतील असेकियांवर वसंतांतील पाट-सफाईची हीच चाल आजतागायत आहे. नळ जमिनीखालीं गेल्यावर तो गाळ काढावयास नको, हें खरें. परंतु वर्षांतून एकदां सर्वांनीं मिळून पाटाच्या तोंडापासून शेवटापर्यंत चालत जाणें, कोठें कांठ खचला, कोठें दार गळतें, कोणाच्या घरावर पाणी झुकलें आहे हें डोळ्यांनीं पाहणें, हें नळ आल्यावरहि सोडूं नये. आपली पाळी आली म्हणजे आपण चारीच्या तोंडाशीं उभे राहतोंच. पाळी नसतांनाहि एक दिवस वरपर्यंत चालत जावें, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.